नातं आपलं, व्याख्या कंपनीची

‘घरात माणूस आजारी पडलंय आणि तुला पैशांचं सुचतंय?’ हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी जणींनी ऐकलं असेल. कधी सासरी, कधी माहेरी, आणि पुष्कळदा तर आपणच ते स्वतःला ऐकवतो. ठरलेली सहल कुणाच्या तरी आजारपणामुळे रद्द होते, भरलेल्या बॅगा पुन्हा माळ्यावर जातात आणि गुंतलेले पैसे ‘जाऊ दे, माणूस वाचलं हेच खूप’ असं म्हणून सोडून दिले जातात. माणूस वाचलं हे खूपच आहे, त्यात वादच नाही. पण त्याबरोबर आपले हक्काचे पैसे कशासाठी सोडायचे, असा माझा साधा प्रश्न आहे.

पूर्वी आपल्याकडे सहल म्हणजे अष्टविनायक, फार तर काशी किंवा वैष्णोदेवी. आता तालुक्याच्या गावातसुद्धा बसस्टँडसमोर टूरवाल्यांच्या पाट्या दिसतात. भिशीच्या पैशांतून, शिवणकामाच्या कमाईतून, नवऱ्याच्या निवृत्तीच्या रकमेतून बायका दुबई, सिंगापूर, काश्मीर बघून येतात. फार छान वाटतं ते पाहून. या बुकिंगबरोबर एक विम्याचा कागदही मिळतो. एजंट म्हणतो, ‘ताई, इन्शुरन्स काढलाय, काळजीच सोडा.’ आपण तो कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवून देतो. तो पहिल्यांदा उघडला जातो तो घरात कुणाला तरी दवाखान्यात हलवल्यावर. महिला मंडळाच्या कामात अशा मैत्रिणींचे अर्ज भरून देताना जे दिसलं, जे शिकायला मिळालं, ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

विमा आहे, पण कशाचा?

प्रवास विमा म्हटलं की आपल्याला वाटतं, त्यात सगळंच आलं. तसं नसतं. परदेश प्रवासाच्या विम्याचा मुख्य भाग असतो तो तिकडे गेल्यावर आजारी पडलो तर होणाऱ्या दवाखान्याच्या खर्चाचा. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो, तोही याच वैद्यकीय खर्चाचा. निघण्यापूर्वीच सहल रद्द झाली तर मिळणारी भरपाई हा वेगळा भाग आहे. काही पॉलिसींत तो असतो, स्वस्तातल्या पॉलिसीत बहुधा नसतो. पॉलिसीच्या पहिल्या एक-दोन पानांवर तक्ता असतो, त्यात ‘ट्रिप कॅन्सलेशन’ अशी ओळ आहे का आणि तिच्यापुढे किती रक्कम लिहिली आहे, एवढं पाहिलं तरी अर्धं काम होतं. ओळच नसेल, तर पुढच्या सगळ्या धडपडीला अर्थ नाही.

रेल्वेचंही तसंच. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना विम्याचा चौकोन दिसतो. ही सोय सप्टेंबर 2016 मध्ये सुरू झाली. हप्ता एक रुपयाहूनही कमी. पण हा विमा रेल्वे अपघाताचा आहे. अपघाती मृत्यू आल्यास वारसाला 10 लाख रुपये, आणि अपंगत्व किंवा दवाखान्याचा खर्च यांसाठी ठरलेल्या रकमा. सासूबाई आजारी पडल्या म्हणून तिकीट रद्द केलं, तर या विम्यातून एक पैसाही मिळत नाही. ‘आम्ही विमा घेतला होता हो’ असं सांगत आलेल्या दोघी-तिघींना मला हे समजावून सांगावं लागलं. त्यांचे चेहरे पडले. पण त्यांना रेल्वेची एक सोय ठाऊक नव्हती. कन्फर्म तिकीट घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर करून घेता येतं. गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज आणि नात्याचा पुरावा द्यायचा. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको एवढीच नाती त्यात बसतात. सून आणि सासू यांच्यात मात्र तिकिटाची अदलाबदल होत नाही!

विमानाचं तिकीट ‘परतावा नाही’ या अटीवर घेतलेलं असलं, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क प्रवाशाला परत मिळायला हवेत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. तेही मागून घ्यावे लागतात. विमा कंपनी भरपाई देते ती बाकी कुठूनच परत न मिळणाऱ्या पैशांची. म्हणून आधी टूरवाला, विमान आणि हॉटेल यांच्याकडून जे सुटेल ते सोडवायचं, आणि उरलेल्या नुकसानीसाठी विम्याकडे जायचं.

आईचं हाड मोडलं तेव्हा

2024 च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एक ताई शिवणकाम करतात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी आणि नवऱ्याने सिंगापूरची टूर ठरवली. दोघांचे एक लाख ऐंशी हजार. त्यातले निम्मे ताईंच्या पाच वर्षांच्या भिशीचे. निघायला नऊ दिवस होते. माहेरहून फोन आला, आई न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन सांगितलंय. भाऊ नाही, बहीण लांब. ताई त्याच रात्री माहेरी गेल्या.

दोन दिवसांनी मी फोन केला तर म्हणाल्या, ‘आता त्या टूरचं नावसुद्धा नको.’ मी म्हटलं, ‘नाव नको ते ठीक आहे, पण त्यांना आजच्या आज लेखी कळवा.’ कारण निघण्याची तारीख जवळ येते तशी टूरवाल्यांची कापून घ्यायची रक्कम वाढते. उशीर केल्याने जे जास्त नुकसान होतं, त्याची जबाबदारी विमा कंपनी सहसा घेत नाही. त्यांच्या मुलाने त्याच संध्याकाळी टूरवाल्याला आणि विमा कंपनीला ईमेल केले. टूरवाल्याने साठ टक्के कापून घेतले, म्हणजे एक लाख आठ हजार बुडाले. आणखी उशिरा कळवलं असतं तर याहूनही जास्त कापले गेले असते.

विमा कंपनीने कागद मागितले. दवाखान्यात भरती केल्याचा कागद, डिस्चार्ज कार्ड, टूरच्या पावत्या, किती कापले त्याचं पत्र, कॅन्सल केलेला चेक. हे सगळं जमलं. अडलं ते दोन ठिकाणी.

पहिली अडचण डॉक्टरांच्या दाखल्याची. आपल्याकडे डॉक्टर लेटरहेडवर दोन ओळी खरडून देतात, ‘पेशंटवर उपचार चालू आहेत.’ तेवढ्याने भागत नाही. दुखणं कधी सुरू झालं, कोणत्या तारखेला भरती केलं, किती दिवस ठेवलं, ऑपरेशन कोणतं झालं, आणि ठरलेल्या तारखांना मुलीने जवळ असणं का गरजेचं होतं, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. कंपनीचा त्यासाठी छापील फॉर्म असतो, तोच डॉक्टरांपुढे ठेवावा. डॉक्टरही कामाच्या गर्दीत असतात, त्यांना काय हवं ते नेमकं सांगितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

दुसरी अडचण ऐकून तुम्ही हसाल, पण ती खास आपली, बायकांची आहे. आई ही आपलीच आई आहे, हे सिद्ध करायचं होतं! ताईंच्या आधारवर, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आईच्या आधारवर माहेरचं आडनाव. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर दोन परक्या बायका. नवऱ्याला त्याची आई सिद्ध करायला एक कागद पुरतो, आपल्याला पूल बांधावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला माहेरच्या नावाचा, आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र दोन्ही नावांना जोडणारं. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा 1998 चा आहे, तरी आपल्या वयाच्या कितीतरी जणींकडे हे प्रमाणपत्र नाही. ताईंकडेही नव्हतं. मग ग्रामपंचायतीत जाऊन नोंदणी करून घेतली. लग्नाची पत्रिका, फोटो, साक्षीदार, सगळं पंचवीस वर्षांनी शोधलं. त्यात तीन आठवडे गेले. क्लेमसाठी कागद उशिरा येतोय हे कंपनीला आधीच ईमेलने कळवून ठेवलं होतं, म्हणून मुदतीचा प्रश्न आला नाही.

शेवटी पैसे मिळाले. पॉलिसीत माणशी पाचशे डॉलरची मर्यादा होती, त्यातून पन्नास डॉलरची वजावट. दोघांचे मिळून पंच्याहत्तर हजारांच्या आसपास खात्यात आले. सगळं नुकसान भरून निघालं नाही, पण आईच्या वॉकरपासून बाईच्या पगारापर्यंत पुढच्या काही महिन्यांचा खर्च त्यातून निघाला. जावयांनाही भरपाई मिळाली, कारण त्या पॉलिसीत ‘जोडीदाराचे आईवडील’ धरलेले होते. ते नसते, तर एकाच सहलीचे अर्धेच पैसे परत आले असते.

काकू कुठल्या रकान्यात?

आता दुसरी हकीकत. ही गोड नाही. आमच्याच गावातलं एक एकत्र कुटुंब. सासूबाई लवकर गेल्या, चुलत सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, पोरकी मुलं पदराखाली घेतली. चाळीस वर्षं एक चूल. त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दुबईची सहल रद्द झाली. सुनेने सगळे कागद अगदी वेळेवर, नीट लावून पाठवले. कंपनीचं उत्तर आलं, चुलती ही पॉलिसीच्या व्याख्येप्रमाणे ‘जवळची नातेवाईक’ नाही.

सूनबाई माझ्यापुढे रडल्या. ‘त्यांनी यांना न्हाऊमाखू घातलं, त्या जवळच्या नाहीत तर कोण?’ काय उत्तर देणार? पॉलिसीत नवरा-बायको, मुलं, दोघांचे आईवडील एवढीच नाती लिहिलेली होती. शब्द स्पष्ट होते. मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. पुढे तक्रार करूनही हाती काही लागणार नाही, असंच सांगितलं.

मैत्रिणींनो, इथेच खरी मेख आहे. आपल्या घरात आजारपण आलं की कुणी व्याख्या विचारत नाही. आत्या असो, नणंद असो, विधवा जाऊ असो, उशाशी बसायला आपणच असतो. पण विम्याच्या कागदावर नात्यांची मोजकी यादी असते आणि ती प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असते. कुठे भाऊ-बहीण असतात, कुठे नसतात. कुठे सासू-सासरे असतात, कुठे नसतात. म्हणून पॉलिसी घेण्यापूर्वी एकदा डोळे मिटून विचार करा, या घरात कुणाचं दुखणं आलं तर माझा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही? ते माणूस त्या यादीत आहे का, ते पाहा. नसेल तर दुसरी पॉलिसी बघा. कुठल्याच यादीत ते बसत नसेल, तर निदान टूर अशी निवडा की जिची रद्द करण्याची अट सौम्य असेल, आणि सगळे पैसे एकदम भरू नका.

जुनं दुखणं आणि नवं दुखणं

क्लेम नाकारण्याचं नेहमीचं आणखी एक कारण म्हणजे जुना आजार. सासऱ्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यातूनच पाय चिघळला आणि भरती करावं लागलं, तर बहुतेक पॉलिसींत ते बसत नाही. ही अट प्रवाशालाच नव्हे, तर घरी राहिलेल्या नातेवाइकालाही लागू असते, हे अनेकींना माहीत नसतं. घरात वयस्कर, आजारी माणूस असेल तर ही अट आधी वाचा. पण म्हातारपणी बीपीची गोळी चालू आहे म्हणून पडून मोडलेलं हाड काही जुना आजार होत नाही. कंपनीने तसं म्हटलं, तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारताय ते लेखी मागा आणि दोन्ही दुखण्यांचा संबंध नाही असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

विमा सहलीचे पहिले पैसे भरताना, त्याच दिवशी घेतलेला बरा. सासूबाईंना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितल्यावर घेतलेल्या पॉलिसीतून त्याच ऑपरेशनसाठी भरपाई मिळत नाही. आणि नुसता ताप आला, घरीच झोपून होत्या, एवढ्यानेही चालत नाही. दवाखान्यात किमान किती वेळ भरती असायला हवं ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. अशा वेळी ‘ओळखीच्या दवाखान्यातून एक दिवसाचा कागद आणू’ असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं मुळीच ऐकू नका. खोटा कागद पकडला गेला तर क्लेम तर जातोच, वर फसवणुकीचं प्रकरण अंगावर येतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. पुष्कळ घरांत सहल रद्द होतच नाही. नवरा, मुलं जातात आणि घरातली बाई तेवढी मागे राहते, पेशंटजवळ. तिच्या वाट्याचे बुडालेले पैसे कुणाच्या हिशोबातही नसतात. पॉलिसीत तिचं नाव स्वतंत्र असेल आणि आजारी माणूस यादीतलं असेल, तर तिच्या एकटीच्या हिश्शाचा क्लेम तिच्या नावाने करता येतो. तो करावा, आणि पैसे तिच्याच खात्यात घ्यावेत.

नाही म्हणाले तर?

कंपनीने नाकारलं म्हणजे दार बंद झालं असं नाही. आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि तिची पोच ठेवा. विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ या व्यवस्थेतही तक्रार नोंदवता येते. त्यांचा टोल फ्री नंबर 155255. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. आपलं म्हणणं आपण आपल्या शब्दांत मांडायचं. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे घेतल्या जातात.

तक्रार टूरवाल्याबद्दल असेल, म्हणजे ‘विमा काढलाय’ असं सांगून काढलाच नसेल किंवा ठरल्यापेक्षा जास्त पैसे कापले असतील, तर ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा नंबर आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. टूरवाला मुंबईचा असला तरी मुंबईला खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंत पैसे मोजलेले असतील, तर तिथेही फी नाही.

हे सगळं वाचताना थोडं कंटाळवाणं वाटलं असेल. पण गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड, मुलांचे दाखले आपण किती जपून ठेवतो! त्याच फाईलमध्ये आणखी चार कागद ठेवायचे आहेत. आपला शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, विम्याची पूर्ण पॉलिसी, आणि पैसे भरल्याच्या पावत्या. विवाह नोंदणी राहिली असेल तर या महिन्यातच करून टाका, ती पुढे पन्नास कामांना उपयोगी पडते. आणि सहल ठरवताना नवरा टूरवाल्याशी बोलत असेल, तर चहा घेऊन नुसत्या उभ्या राहू नका. खुर्ची ओढून बसा आणि विचारा, ‘यात रद्द झाल्याची भरपाई आहे का? किती? आणि माझी आई त्यात धरली आहे का?’

आजारी माणसाची सेवा आपण करतोच, करत राहू. त्या सेवेपायी आपल्या कष्टाचे पैसे मुकाट्याने सोडून द्यावेत, असं कुठल्याही धर्मात सांगितलेलं नाही. उशाशी बसल्या बसल्या एक ईमेल करायला, एक पावती फाईलला लावायला माया कमी होत नाही. आणि माणूस बरं होऊन हिंडू-फिरू लागलं की राहिलेल्या सहलीचा विषय पुन्हा निघतोच. तेव्हा हाताशी थोडे पैसे असले, तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची वेळ येत नाही.